म्हशीच्या दोन वेतांतले अंतर वाढते कुठे? दर्यापूरच्या गोठ्यांसाठी दिवाळी ते संक्रांत हाच कळीचा काळ

दर्यापूर : कोणाची म्हैस किती दूध देते, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. पण ती मागच्या खेपेला कधी व्याली आणि त्याच्या आधी कधी, असे विचारले की उत्तर येते, “पोयाच्या टायमाले” किंवा “लगनसराईत”. नेमकी तारीख सहसा कुणाजवळ नसते. दुधाच्या धंद्यातला नफा-तोटा मात्र बराचसा याच दोन तारखांवर ठरतो. एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत जे दिवस जातात, त्याला दोन वेतांतले अंतर म्हणतात. हे अंतर तेरा-चौदा महिन्यांचे असेल तर म्हैस घर चालवते. दीड-दोन वर्षांवर गेले तर घराला म्हैस चालवावी लागते.

दर्यापूर तालुक्यात हे अंतर वाढण्यामागे आजारपण, चारा, उन्हाळा अशी नेहमीची कारणे आहेतच. त्यांच्यासोबत आणखी एक कारण आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. म्हैस पुन्हा गाभण राहण्याचा सर्वांत चांगला काळ आणि शेतातल्या कामाचा सर्वांत गर्दीचा काळ, हे दोन्ही एकाच वेळी येतात.

हिशेब काय सांगतो?

म्हैस साधारण ३०५ ते ३१० दिवस गाभण असते, गाय साधारण २८० ते २८५ दिवस. हे दिवस कमी करणे कोणाच्या हातात नाही. हातात आहे तो फक्त मधला काळ, म्हणजे व्याल्यापासून पुन्हा गाभण राहीपर्यंतचे दिवस. म्हैस व्याल्यावर ९० दिवसांत गाभण राहिली तर ९० अधिक ३१०, म्हणजे ४०० दिवसांत दुसरे वेत येते. गाय ८५ दिवसांत गाभण राहिली तर वर्षाला एक वासरू मिळते. म्हणूनच गाईसाठी बारा ते तेरा महिने आणि म्हशीसाठी तेरा ते चौदा महिने हे अंतर चांगले मानतात.

आता उदाहरणादाखल एक हिशेब. एक म्हैस पहिल्या वेतापासून नऊ वर्षे गोठ्यात राहिली असे धरा. दोन वेतांतले अंतर साडेतेरा महिने असेल तर या काळात आठ वेते होतात. अंतर अठरा महिने असेल तर सहाच. दोन वेतांचे दूध आणि दोन वगारी किंवा पारडी कमी. चारा, पाणी, जागा आणि मेहनत मात्र तेवढीच लागली.

दुसऱ्या बाजूने पाहा. एका वेतात १,२०० लिटर दूध देणारी म्हैस ४०० दिवसांनी पुन्हा व्याली, तर तिचे दिवसाला सरासरी ३ लिटर पडते. तीच म्हैस ५४० दिवसांनी व्याली तर सरासरी २.२ लिटरवर येते. वर्षाला सुमारे २८० लिटरचा फरक पडतो. लिटरला ६० रुपये भाव धरला तर हे १६ हजार ८०० रुपये होतात. कोणी म्हणेल, गाभण नसलेली म्हैस जास्त दिवस दूध देते ना! देते, पण ते शेवटचे दूध तांब्याभर असते आणि ढेप मात्र तेवढीच खाते.

म्हैस साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. एक माज हुकला की पुढच्या माजापर्यंत २१ दिवसांचा खर्च अंगावर बसतो. दिवसाचा खर्च १२० रुपये धरला तर एका चुकलेल्या माजाचे २,५२० रुपये झाले. म्हशीच्या बाबतीत तर कधी कधी एक माज हुकला की २१ दिवस नाही, आठ-दहा महिने हातचे जातात. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आधी हे जनावर ओळखावे लागेल.

पूर्णेच्या थडीची म्हैस

पूर्णा नदीच्या दोन्ही थड्यांवर, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत, भुरकट ते फिकट तपकिरी रंगाची म्हैस पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. मुऱ्हासारखी ती काळीभोर नाही, अंगानेही आटोपशीर. लोक तिला भुरी म्हणूनही ओळखतात. या म्हशीला ‘पूर्णाथडी’ नावाने स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली. कर्नाल येथील राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने नोंदवलेल्या दहा नव्या जातींची यादी जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाली. त्यात महाराष्ट्रातल्या दोन होत्या, विदर्भाच्या पूर्व टोकाची कठाणी गाय आणि ही पूर्णाथडी म्हैस.

इथला उन्हाळा, कुटार-कडब्याचा चारा आणि खारपाणपट्ट्यातले पाणी सोसून टिकलेली ही जात आहे. दुधाला फॅट चांगले लागते, म्हणून खवा आणि दही करणाऱ्यांची तिला पसंती. पण जात कितीही काटक असली तरी म्हशीचा मूळ स्वभाव तिलाही सुटलेला नाही. हा स्वभाव ऋतूचा आहे.

दिवस लहान झाले की म्हैस माजावर

जंगलातल्या मोठ्या जनावरांकडे पाहिले की ही गोष्ट लवकर कळते. हत्तीण सुमारे २२ महिने गाभण असते आणि दोन पिलांत चार-पाच वर्षांचे अंतर ठेवते. मेळघाटातला रानगवा साधारण गाईएवढेच, नऊ महिन्यांच्या आसपास पोटात वाढवतो. आपल्या शेतात धुडगूस घालणारी रोही आठेक महिन्यांत विते आणि पुष्कळदा जुळी देते. घोडीची तऱ्हा आणखी वेगळी, ती व्याल्यावर सात ते दहा दिवसांत पुन्हा माजावर येऊ शकते. प्रत्येकाचे घड्याळ निराळे. पण बहुतेकांचा हिशेब एकच असतो, पिलू जन्मेल तेव्हा आईला हिरवे खायला मिळाले पाहिजे.

गाईमध्ये हे ऋतूचे घड्याळ पुष्कळसे पुसले गेले आहे. चांगले खायला मिळाले आणि ऊन सोसण्याइतके असले की ती वर्षभर माजावर येते. म्हशीत मात्र ते अजून चालू आहे. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की म्हशीच्या मेंदूत मेलाटोनिन हे संप्रेरक जास्त वेळ स्रवते आणि त्याच्या इशाऱ्याने बीजांडकोष जोमाने काम करू लागतात. दर्यापुरात जूनमध्ये सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये सर्वांत लहान सुमारे पावणेअकरा तासांचा. हा फरक उत्तर भारताएवढा मोठा नाही, त्यामुळे इथल्या म्हशी उन्हाळ्यात अगदीच बंद पडतात असे नाही. पण आपल्याकडे लांब दिवसांसोबत ४४-४५ अंशांचे ऊन आणि हिरव्या चाऱ्याचा दुष्काळही येतो. या तिन्हींचा मिळून परिणाम होतो. म्हशीची कातडी काळपट, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी. डुंबायला पाणी नसेल तर तिला अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही. मग माज एक तर येत नाही, किंवा आला तरी दिसत नाही. यालाच मुका माज म्हणतात.

म्हणून आपल्या भागात म्हशी जास्त करून पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत वितात, आणि त्यांच्या पुन्हा गाभण राहण्याचा काळ दसऱ्यापासून संक्रांतीच्या आसपासपर्यंत असतो.

एका म्हशीचे तीन हिशेब

पोळ्याच्या सुमारास, २५ ऑगस्टला एक म्हैस व्याली असे समजा. गर्भाशय पूर्ववत व्हायला दीड महिना तरी लागतो. त्यामुळे पहिले ६० दिवस तिला भरवायचे नाही. ते २४ ऑक्टोबरला संपतात. त्यानंतरचा पहिला चांगला माज १ नोव्हेंबरला आला.

- १ नोव्हेंबरचा माज साधला आणि म्हैस गाभण राहिली, तर ती पुढच्या वर्षी ७ सप्टेंबरच्या सुमारास वितेल. अंतर ३७८ दिवस, म्हणजे साडेबारा महिने.
- हा माज चुकला, २२ नोव्हेंबरचाही चुकला, १३ डिसेंबरचाही गेला आणि ३ जानेवारीला म्हैस लागली, तर ती ९ नोव्हेंबरला वितेल. अंतर ४४१ दिवस, साडेचौदा महिने. अजूनही परवडण्यासारखे.
- जानेवारीचाही माज हुकला, फेब्रुवारीपासून म्हैस थंड पडली आणि थेट पुढच्या २० सप्टेंबरला लागली, तर ती वितेल त्याच्या पुढच्या वर्षी, २७ जुलैला. अंतर ७०१ दिवस. म्हणजे तेवीस महिने.

म्हैस तीच, गोठा तोच, चाराही तोच. फरक पडला तो चार-पाच वेळा पहाटे गोठ्यात कोणी पाहिले की नाही, यामुळे.

आता हे दिवस शेताच्या कॅलेंडरवर ठेवून पाहा. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सोंगणी आणि मळणी. त्याच्या पाठोपाठ हरभऱ्याची पेरणी. मग कापसाची वेचणी, ती डिसेंबरपर्यंत आणि पुढेही. घरातली बाई, जिचा म्हशीशी रोज संबंध येतो, ती सकाळी लवकर धार काढून वेचायला जाते. माणूस मळणीयंत्रामागे किंवा पेरणीवर. मजूर मिळत नाहीत, म्हणून पोरेही शेतात. म्हैस दिवसभर खुंट्याला. ती ओरडली तरी ऐकायला कोणी नाही. संध्याकाळी सगळे थकून आलेले. फेब्रुवारीत जरा उसंत मिळते तेव्हा कोणाच्या तरी लक्षात येते, “म्हैस अजून लागली नाही.” तोवर हंगाम निघून गेलेला असतो.

म्हणजे ज्याला आपण म्हशीचा दोष किंवा वांझपणा म्हणतो, त्यातले बरेच काही नजरेचे असते. अशी म्हैस बाजारात निघते, पडत्या भावाने विकली जाते आणि घेणाऱ्याच्या गोठ्यात पुढच्या दिवाळीत गाभण राहते.

माज ओळखायचा कसा?

गाय माजावर आली की साऱ्या गल्लीला कळते. दुसऱ्या गाईवर चढते, दुसरीला आपल्यावर चढू देते. म्हैस तसे क्वचितच करते. तिची लक्षणे बारीक असतात आणि जास्त करून रात्री किंवा पहाटे दिसतात. पाहायचे ते असे :

- योनीतून काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट लोंबतो किंवा म्हैस बसते तिथे जमिनीवर पडलेला दिसतो. म्हशीत हा सोट गाईपेक्षा कमी असतो, म्हणून सकाळी शेण उचलण्याआधी जागा नीट पाहावी.
- वारंवार, थोडी थोडी लघवी करते.
- कारण नसताना ओरडते, बेचैन असते, दावे ओढते.
- अचानक दूध चोरते किंवा धार कमी येते. चारा टाकते.
- योनीचे ओठ सुजल्यासारखे, आत पाहिले तर लालसर.
- रेडा जवळ आला की शांत उभी राहते. सर्वांत भरवशाची खूण हीच.

पहाटे धारेआधी दहा मिनिटे आणि रात्री झोपण्याआधी दहा मिनिटे. वेचणीच्या दिवसांत एवढा वेळ एका माणसाने ठरवून दिला तरी पुष्कळ. हे काम घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे किंवा शाळकरी पोराकडे सोपवता येते. फक्त काय पाहायचे, हे त्याला एकदा दाखवून द्यावे लागते.

वेळेचा नियम सोपा आहे. माज सकाळी दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी भरवायचे, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कारण स्त्रीबीज माज सुरू झाल्याबरोबर सुटत नाही, माज ओसरल्यावर काही तासांनी सुटते. फार लवकर रेतन केले तर शुक्राणू वाट पाहून मरतात, फार उशीर केला तर बीज शिळे होते. म्हशीचा माज कधी कधी लांबतो. दुसऱ्या दिवशीही लक्षणे कायम असली तर डॉक्टरांना विचारून पुन्हा एकदा रेतन करून घ्यावे.

कांडी कोणती, हेही पाहा

कृत्रिम रेतनाची वीर्यकांडी उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेली असते. बाहेर काढल्यावर ती ३५ ते ३७ अंशांच्या कोमट पाण्यात सुमारे अर्धा मिनिट धरून लगेच वापरायची असते. खिशात किंवा हातात चोळून वितळवलेल्या कांडीचा भरवसा नाही. पशुपालकाने हे पाहायला लाजू नये. वापरलेल्या कांडीवर वळूचा क्रमांक आणि जात छापलेली असते. ती कांडी फेकून न देता कागदाला चिकटवून तारीख टाकली की नोंद आपोआप तयार होते.

भुरी पूर्णाथडी असेल आणि तिची जात राखायची असेल तर रेतन करणाऱ्याला आधी तसे सांगायला हवे. अंगाने लहान असलेल्या वगारीला मोठ्या जातीची कांडी भरली तर पहिल्या वेताला पारडू अडकण्याचा धोकाही असतो.

गावात रेडा वापरत असतील तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. तो निरोगी आहे याची तपासणी, आणि दोन-तीन वर्षांनी रेडा बदलणे. नाही तर त्याच्याच वगारी त्याच्याच समोर येतात.

रिकाम्या पोटी माज येत नाही

व्याल्यावर दूध चढते, पण खाणे तेवढे लवकर वाढत नाही. मग जनावर अंगावरची चरबी मोडून दूध देते. शरीराचा हिशेब तुटीत असतो तोवर ते दुसरे पिलू धरायला तयार होत नाही. व्याल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत म्हैस फार खंगली, बरगड्या आणि माकडहाड वर आले, तर माज लांबणारच.

म्हणून खुराक व्याल्यावर नाही, व्यायच्या आधी दोन महिन्यांपासून वाढवावा लागतो. पोटातल्या पारड्याची बहुतेक वाढ याच शेवटच्या काळात होते. या वेळी दूध पूर्ण आटवून म्हशीला दोन महिने विश्रांती द्यायची आणि खुराक हळूहळू वाढवत दीड-दोन किलोपर्यंत न्यायचा. आपल्याकडे नेमके उलटे होते. म्हैस आटली की ढेप बंद, आणि व्याली की एकदम टोपलेभर.

ज्वारीचा पेरा घटला तसा कडबाही घटला. आता बहुतेक गोठ्यांत तुरीचे, हरभऱ्याचे आणि सोयाबीनचे कुटार चालते. कुटार पोट भरते, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर फॉस्फरस, तांबे, जस्त यांसारखी खनिजे पुरत नाहीत. माज येणे आणि गर्भ टिकणे याच खनिजांवर अवलंबून असते. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण खुराकात मिसळून दिले तर हा तोटा भरून निघतो. खर्चाच्या मानाने याच्याएवढा फायदा देणारी दुसरी वस्तू गोठ्यात क्वचितच असेल.

पारडू दिवसभर आईखाली मोकळे सोडले तरी माज लांबतो. धारेच्या वेळी पाजून बाजूला बांधावे, पण त्याचा दुधाचा वाटा तोडू नये.

खारपाणपट्ट्यातले पाणी

दर्यापूर तालुका खारपाणपट्ट्यात येतो. विहिरी आणि बोअरचे पाणी खारे. माणसांसाठी शहानूर धरणावरच्या योजनेचे नळाचे पाणी असते, जनावरांना मात्र पुष्कळदा बोअरचेच दाखवतात. पाणी खारे असेल तर जनावर कमी पिते आणि कमी पाणी पिणारे जनावर चाराही कमी खाते. पाण्यात सल्फेट जास्त असेल तर चाऱ्यातले तांबेही अंगी लागत नाही.

जनावरांसाठी पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ३,००० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर सहसा अडचण येत नाही. तीन ते पाच हजारांदरम्यान असले तर नवीन जनावराला सुरुवातीला हगवण लागू शकते किंवा ते पाणी नाकारते. सात हजारांच्या वरचे पाणी गाभण आणि दुभत्या जनावराला देऊ नये. बोअरचे पाणी एकदा प्रयोगशाळेत तपासून घेतले की आपण कुठे आहोत ते कळते. गोडे पाणी थोडेच असेल तर ते आधी गाभण आणि ताज्या व्यालेल्या जनावरांना द्यावे, आणि पावसाळ्यात छतावरचे पाणी टाक्यात साठवावे.

व्याल्यानंतरचे पहिले दिवस

पुढचा माज वेळेवर येणार की नाही, हे पुष्कळदा व्याल्याच्या दिवशीच ठरते. वार काही तासांत पडायला हवी. बारा तास उलटूनही पडली नाही तर डॉक्टरांना बोलवावे. वारेला दगड-वीट बांधणे किंवा कोणी तरी हात घालून ओढणे, हे दोन्ही महागात पडते. तुकडे आत राहतात, जखमा होतात, गर्भाशयात पू होतो आणि म्हैस पुढचे कित्येक महिने लागत नाही. व्याल्यावर दोन आठवड्यांनंतरही घाण वासाचा, पांढरट किंवा पिवळट स्राव येत असेल तर भरवण्याआधी उपचार हवेत. माजाचा सोट स्वच्छ नसेल, त्यात पूसारखे कण दिसले, तर त्या माजाला न भरवता तपासणी करावी.

सहाव्या-सातव्या महिन्यानंतर जनावर गाभडले तर ब्रुसेलोसिसची शंका घ्यावी लागते. हा रोग माणसालाही होतो, त्यामुळे गाभडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे आणि रक्ताची तपासणी करून घ्यावी. कालवडी आणि वगारींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच या रोगाची लस देतात. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत मिळते. हे वय निघून गेले की संधी गेली.

‘उलटली नाही म्हणजे गाभण’ हा भ्रम

रेतन केल्यावर २१ दिवसांनी म्हैस पुन्हा माजावर आली, म्हणजे उलटली, तर ती राहिली नाही हे नक्की. पण उलटली नाही म्हणून ती गाभण आहे, हे नक्की नाही. मुका माज येऊन गेला असेल, किंवा हंगाम संपून म्हैस थंड पडली असेल. डिसेंबर-जानेवारीत भरवलेल्या म्हशीच्या बाबतीत ही फसगत हमखास होते. मे-जूनपर्यंत मालक निश्चिंत असतो आणि पोट वाढत नाही तेव्हा खरे कळते.

यावर उपाय एकच. रेतनानंतर ६० ते ९० दिवसांत पशुवैद्यकाकडून गाभण तपासणी. रिकामी निघाली तर निदान उपचाराला आणि पुढच्या माजाला वेळ मिळतो. माज नियमित येतो, सोट स्वच्छ आहे, तरी तीन वेळा भरवूनही म्हैस राहत नाही, तर चौथी कांडी भरण्याआधी कारण शोधावे. माजच येत नसेल तर संप्रेरकांचे उपचार उपलब्ध आहेत, पण ते तपासणीनंतर आणि डॉक्टरांच्याच हाताने. मेडिकलमधून सुई आणून टोचण्याचा हा विषय नाही. गाभण जनावराला चुकीची सुई दिली तर ते गाभडते.

वही, बिल्ला आणि एक फोन

जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे, त्यामुळे बहुतेक जनावरांना तो आता आहेच. या क्रमांकावर लसीकरण आणि रेतनाची नोंद ‘भारत पशुधन’ प्रणालीत करता येते. रेतन झाले की ती नोंद करायला सांगणे हा पशुपालकाचा हक्क आहे. जनावर दवाखान्यात नेणे शक्य नसेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो. गुंतागुंतीच्या वंध्यत्वासाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था दर्यापूरहून फार लांब नाही.

पण सरकारी नोंदीआधी घरची नोंद हवी. गोठ्याच्या खांबाला टांगलेले कॅलेंडर आणि पेन एवढ्यावर भागते. प्रत्येक म्हशीसाठी पाच तारखा लिहायच्या :

१. व्याली ती तारीख.
२. त्यापासून ६० वा दिवस. इथून रोज पहाटे-रात्री पाहणे सुरू.
३. माज दिसला ती तारीख, भरवले असो वा नसो. पुढची २१ दिवसांची खूण लगेच करून ठेवायची.
४. रेतनाची तारीख आणि कांडीवरचा वळू क्रमांक.
५. गाभण तपासणीची तारीख. गाभण असेल तर रेतनापासून ३१० दिवस मोजून व्यायची तारीख आणि त्याआधी दोन महिने दूध आटवण्याची तारीख.

व्याल्यापासून ९० दिवस झाले आणि तिसऱ्या ओळीत एकही तारीख नाही, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचे. संक्रांतीपर्यंत थांबायचे नाही.

पोळ्याच्या आसपास ज्यांच्या म्हशी व्याल्या, त्यांचे ६० दिवस दिवाळीच्या आगेमागे भरतात. सोयाबीनचे पोते घरात येण्याचे आणि कापसाची पहिली वेचणी सुरू होण्याचे तेच दिवस. वेचणीला कोण जाणार हे ठरवताना पहाटे गोठ्यात कोण पाहणार, हेही त्याच वेळी ठरवलेले बरे.